चार पोस्टकार्डं

२०२४च्या जुलैतली गोष्ट. दोडामार्गच्या मामाला बरं नव्हतं, म्हणून आम्ही कोल्हापूरहून सकाळीच निघालो. मी, बायको आणि मागच्या सीटवर आई. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा हा आमचा नेहमीचा रस्ता. तिलारीचा घाट अंतराने जवळ पडतो, पण त्याची उभी उतरण पावसात मला नको वाटते. आंबोलीवरून सावंतवाडी, तिथून बांदा आणि मग दोडामार्ग. वेळ जास्त लागतो, लागू दे.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. त्या दिवशी धुकं असं होतं की पुढच्या गाडीचे नुसते दोन लाल ठिपके दिसत होते. धबधबा मागे पडला, भिजायला आलेल्यांची गर्दी संपली, रस्ता मोकळा झाला. वेग तीस-पस्तीस. एका उजव्या वळणावर खालून एसटी आली, वळण जरा कापत. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी सरळच गेली. चाकं वळलेली, गाडी सरळ. पायाखाली ब्रेकचं पेडल थरथरत होतं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होतं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच. जी पकड मुळात नाही ती ते कुठून आणणार? डाव्या हाताचा कठडा जवळ येत गेला आणि हातभर अंतरावर गाडी थांबली.

एसटीचा ड्रायव्हरही थांबला. खिडकीतून डोकं काढून त्याने "लागलं का कुणाला?" विचारलं, मी मान हलवल्यावर पुढे गेला. बायको काही बोलली नाही. आईने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात दाणोली येईपर्यंत तिथेच होता.

मामाच्या अंगणात गाडी लावून मी खाली वाकलो आणि टायर बघितले. माझ्या मते त्यांत खोट असायचं कारणच नव्हतं. गाडी सात वर्षांची, टायर तिच्याबरोबर आलेले, धावले चौतीस हजार किलोमीटर. नव्या टायरच्या खाचा आठेक मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की कायद्याने तो टायर बाद. खाचेच्या तळाशी मधूनमधून एक छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर गोटा झाला म्हणायचं. माझ्या टायरांत निम्मी नक्षी शिल्लक होती. सात वर्षं टायर टिकवले याचा मला अभिमान होता आणि चारचौघांत मी तो बोलूनही दाखवला होता.

मामा काठी टेकत बाहेर आला. ताप उतरला होता, अंगावर शाल होती. काही न विचारता तो पुढच्या चाकाशी बसला आणि अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघितलं. रुतलं नाही. मग टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथे केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं होतं, हिवाळ्यात फुटलेल्या टाचेसारखं.

"ह्यो टायर म्हातारो झालो रे," मामा म्हणाला.

मामाला रबर कळतं. दोडामार्ग तालुक्यात केरळातून आलेल्या लोकांनी डोंगरउतार घेऊन रबराचे मळे उभे केले, त्यांचं बघून गावातल्या काही जणांनीही झाडं लावली. मामाने काजूची थोडी जागा मोकळी करून दोनशे झाडं लावली होती. रोप लावल्यापासून सहा-सात वर्षं नुसती वाट बघायची, मग खोडाला पहिली चीर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की कठडा दिसायचा. पहाटे चीक काढणारा गडी डोक्याला बॅटरी बांधून निघाला, तसा मीही त्याच्या मागोमाग गेलो. पावसाळ्यात झाडाला चिरेच्या वर प्लॅस्टिकचा घागरा बांधतात, पाणी वाटीत जाऊ नये म्हणून. त्याने घागरा वर केला आणि वाकड्या पात्याच्या सुरीने जुन्या चिरेखालची साल काढली, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. सुरी खोल गेली तर झाड दुखावतं, वरवर फिरली तर चीक येत नाही. त्या तिरक्या चरातून पांढरे थेंब घरंगळत पत्र्याच्या पन्हळीवर आले आणि तिथून करवंटीत. आधी थेंब थेंब, मग दोऱ्यासारखी धार. ऊन चढलं की झाडातला दाब उतरतो आणि धार मंदावते, म्हणून ही पहाटेची लगबग. मामाच्या भाषेत, "उन्हाआदी चीक गावता, मगे झाड मूठ आवळता."

मी करवंटीत बोट बुडवलं. दुधासारखा पातळ चीक. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली तसं त्यातलं पाणी उडालं आणि बोटांमध्ये एक चिकट पापुद्रा राहिला. ओढला की लांबतो, सोडला की परत येतो.

हे जे परत येणं आहे, तीच गाडीची पकड. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी तो खडीच्या टोकांनी भरलेला असतो. मऊ रबर त्या टोकांभोवती दबतं, त्यांच्या फटींत बसतं आणि चाक पुढे सरकलं की सुटून पुन्हा मूळ आकाराला येतं. कडक झालेलं रबर टोकांच्या माथ्यावरून नुसतं सरकत जातं. कोरड्या रस्त्यावर हे चटकन कळत नाही. मधे पाण्याचा पातळ थर आला, त्यात घाटातलं शेवाळ आणि डिझेलचा तवंग मिसळला, की त्या बसण्या-सुटण्याचा कस लागतो.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली त्यावर उपाय सापडला : रबरात गंधक मिसळून तापवायचं. गंधक रबराच्या लांबलांब साखळ्यांना मधेमधे आडवे टाके घालतो आणि रबर लवचीकही राहतं, मजबूतही होतं. कारच्या टायरमध्ये झाडाच्या रबराबरोबर कारखान्यात तयार केलेलं रबरही भरपूर असतं, पण टाक्यांची गोष्ट दोघांना सारखीच. अडचण अशी की हे टाके कारखान्यात पडून थांबत नाहीत. ऊन, हवेतला प्राणवायू, ओझोन आणि धावताना येणारी उष्णता वर्षानुवर्षं ते काम पुढे चालू ठेवतात. टाके वाढतात, रबर आवळत जातं. ते थोपवायला टायरमध्ये मेण आणि इतर द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरत राहिलं, रबर दबत-सुटत राहिलं, की ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन टायरचं रक्षण करतात. कमी धावणाऱ्या आणि दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढंही मिळत नाही. माझी गाडी आमच्या इमारतीच्या पश्चिमेला, उघड्यावर उभी असते. तिचे टायर झिजले नव्हते, वाळले होते.

उजाडल्यावर मी टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचला. डीओटी या अक्षरांनंतर एक लांब संकेत असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. माझ्या टायरवर होतं १२१७, म्हणजे २०१७ सालचा बारावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवलेली असेल तर दिसत नाहीत. मोबाइल चाकामागे धरून फोटो काढला की वाचता येतात. गाडीचं इंजिन ऑइल, बॅटरी, विमा, पीयूसी, सगळ्याच्या तारखा माझ्याकडे लिहिलेल्या होत्या. ही एक तारीख सात वर्षांत मी कधी वाचली नव्हती.

दोन दिवसांनी उघडीप बघून, वीसच्या वर वेग न नेता, आम्ही घाट चढून परत आलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टायरच्या दुकानांची कमी नाही. ज्या दुकानात गेलो तिथल्या मालकांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "गोटा कुठं झालाय साहेब? अजून वीस हजार पळतोय की." मी घाटातला प्रसंग सांगितला. ते गंभीर झाले. म्हणाले, "मग दोन घ्या आणि पुढं घाला. मागचे चालत्यात. स्टेपनी तर कोरीच हाय, ती वापरात काढली तर तुमचा एक टायर वाचतोय." माझे पैसे वाचावेत म्हणूनच ते बोलत होते, आणि असाच सल्ला गावोगावच्या दुकानांत मिळतो, म्हणून त्यातली एकेक गोष्ट नीट बोलायला हवी.

आधी स्टेपनी. हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात डेव्हिस बंधूंनी गाडीबरोबर न्यायचं जादा चाक काढलं. त्यांचं ठिकाण स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. माझी स्टेपनी डिकीतून बाहेर काढली तेव्हा खरोखर कोरी होती. साच्यातून निघताना टायरला जे रबराचे बारीक केस राहतात, तेही शाबूत. पण तिच्यावरचा आकडाही १२१७च. अंधारात होती म्हणून बाजूला भेगा कमी, तरी सात वर्षांचं रबर ते सात वर्षांचंच. पंक्चर झाल्यावर दुकानापर्यंत न्यायला ती चालली असती. पावसाळ्यात रोज पुढच्या चाकाला लावायला नाही.

आता दोन नवे टायर पुढे घालायचे की मागे. बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढची चाकं ओढतं, ब्रेकचा भारही पुढे जास्त, पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे, हे कुणालाही पटेल असं आहे. पण टायर कंपन्या स्वतः उलटं सांगतात : दोनच नवे घेतलेत तर ते मागे घाला. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, माझी गेली तशी. वेग उतरला की ती पुन्हा स्टिअरिंग ऐकायला लागते. मागची चाकं सुटली तर गाडीची शेपूट फिरते, आणि फिरलेली शेपूट ओल्या रस्त्यावर सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात राहत नाही. पुण्यात माझ्या बहिणीने दोन टायर घेतले तेव्हा दुकानाने ते पुढे बसवून गाडी तयार करून ठेवली होती. मी फोनवरून तिला चाकं अदलाबदल करून घ्यायला लावली. तिथला माणूस वैतागला, तिलाही अवघड वाटलं, पण घेतली करून.

माझ्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. पाचही टायर एकाच आठवड्यात जन्मलेले, पाचही बदलायचे.

मग आकाराचा विषय निघाला. माझ्या गाडीला १६५/८० आर १४ असा टायर येतो. टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि चाक १४ इंची. पुढे ८५ टी, म्हणजे एक टायर ५१५ किलो भार पेलतो आणि ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. मालकांनी १८५/७० आर १४ सुचवला. "रुंद टायर, ग्रिप भारी, गाडी पण भरदार दिसती." मी वही काढली. माझा धंदाच हिशेबाचा, दुसऱ्यांचे जमाखर्च तपासायचे, त्यामुळे वहीशिवाय मला सुचत नाही. पहिल्या टायरचा व्यास ६२० मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा ६१५. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर बिघडणार नाही, भार पेलायची ताकद उलट जास्तच. तसा तो टायर बसला असता.

पण मी आणखी एक गणित केलं. चार माणसं आणि सामानासकट माझी गाडी साधारण तेराशे किलो. एका चाकावर सव्वातीनशे. टायरमध्ये हवा ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलोंच्या मधला दाब. भागाकार केला की एका टायरची रस्त्याला टेकलेली जागा येते १४० चौरस सेंटिमीटर. पोस्टातलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ असतं, त्याच्याहून जराशी मोठी. तेराशे किलोंची गाडी, तिच्यातली आमची माणसं, सगळं चार पोस्टकार्डांवर उभं. टायर रुंद घेतला म्हणून हे पोस्टकार्ड काही मोठं होत नाही, कारण भार तोच आणि हवा तीच. ते फक्त आडवं होतं : रुंदीला जास्त, लांबीला कमी. कोरड्या वळणावर त्याचा फायदा आहे. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर तरंगायला लागतो. माझं आयुष्य पावसाच्या बाजूला जातं. मी १६५लाच राहिलो आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरावर घातले.

पाण्याचं बोललोच आहे तर एक फरक सांगतो, जो मला स्वतःला या प्रसंगापर्यंत नीट उमगला नव्हता. हायवेला ऐंशी-नव्वदने जाताना टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते. खाचा खोल असल्या तर त्यातून पाणी निघून जातं. खाचा भरल्या किंवा टायरमध्ये हवा कमी असली तर चाक पाण्यावर चढतं आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं लागतं. तिथे नक्षीची खोली जीव वाचवते. घाटात तीसच्या वेगाला पाणी सरायला वेळ मिळतो. तिथे सगळी मदार रबराच्या मऊपणावर. म्हणून नुसती नक्षी बघून टायर चांगला ठरवणारा माणूस हायवेपुरता बरोबर असतो आणि आंबोलीत चुकतो.

दुकानात फळीवर सगळी नावं होती. एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन. मी कोणता घेतला हे मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचा एक टायर टिकण्यासाठी बनवलेला असतो, दुसरा इंधन वाचवायला, तिसरा पावसासाठी, आणि दोन-तीन वर्षांत ती नावं बदलतात. गिऱ्हाइकाने कंपनी विचारण्यापेक्षा हा टायर कशासाठी बनवलाय ते विचारावं. टिकाऊपणा, ओल्यातली पकड आणि इंधन ही टायरची तीन लेकरं. एकाला वाढताना हात सैल सोडला की दुसऱ्याच्या ताटात कमी पडतं. १९९०च्या दशकात मिशेलिनने रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून ओली पकड आणि इंधनबचत ही दोन तरी बऱ्यापैकी एका पंगतीला बसायला लागली. म्हणून मी दर टायरला एकच प्रश्न विचारत होतो, यात सिलिका आहे का? मालकांनी दोन कंपन्यांच्या माणसांना फोन लावून विचारून दिलं. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

काही टायरांवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. अमेरिकेतली पद्धत आहे ती. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकणार. तो कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही, पण एकाच कंपनीचे दोन टायर समोर असतील तर बरंच कळतं. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, डबल ए, ए, बी किंवा सी. ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून ठरवलेलं असतं, आणि मला तेच हवं होतं. युरोपात तर प्रत्येक नव्या टायरवर ए ते ई असं ओल्या पकडीचं अक्षर चिकटवलेलं मिळतं. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने नियमात दुरुस्ती करून ओली पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांचे किमान निकष टायरांना लागू केले. निकष आले हे उत्तमच. पण निकष पास झालेल्या दोन टायरांमधला जास्त चांगला कोणता, हे सांगणारं अक्षर दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवं. ज्या देशात चार महिने पाऊस पडतो तिथे ते सगळ्यांत आधी यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता पैसे. स्वस्तातला टायर ३,८०० रुपयांना होता, मी घेतला तो ५,६०० रुपयांना. पाच टायरांचा फरक नऊ हजार. टायरवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला, म्हणजे आज घेणाऱ्याला तेवढा दिलासा आहे. पूर्वी मी टायरचा हिशेब किलोमीटरमागे किती पैसे असा करायचो. ज्याची गाडी वर्षाला तीस हजार धावते त्याने तसा जरूर करावा. माझी धावते पाच हजार. माझा टायर झिजायच्या आधी वाळणार, तेव्हा साठ हजार किलोमीटरांची हमी देणारा कडक टायर घेऊन मी न वापरलेल्या पस्तीस हजार किलोमीटरांचे पैसे भरणार होतो, आणि वर पकडही गमावणार होतो. म्हणून हिशेब वर्षांवर केला. पाच वर्षं धरली. नऊ हजार भागिले साठ महिने, महिन्याला दीडशे रुपये.

या दीडशे रुपयांत काय मिळतं तेही वहीत मांडलं. पकड पाचव्या हिश्शाने कमी झाली तर थांबायचं अंतर पावपट वाढतं, हे साधं शाळेतलं गणित. साठच्या वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरांवर ओल्या रस्त्यात २८ मीटरांत थांबत असेल, तर कमी पकडीच्या टायरांवर तिला ३५ मीटर लागतील. सात मीटर. आंबोलीत माझ्याकडे हातभर उरलं होतं.

पैसे द्यायच्या आधी मी टायरांवरचे आकडे वाचले. पहिले जे पाच आणले ते अडीच वर्षं जुने निघाले. मालक म्हणाले थोडे कमी लावतो. मी नको म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी गोदामातून ताजे आले. त्यांच्यावर होतं १९२४, मे महिन्यातले, जेमतेम दोन महिन्यांचे. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायरही चालतो. त्याहून जुना घेताना मात्र आपण वापरायची वर्षं विकत घेतोय, एवढं ध्यानात ठेवावं.

बसवणारा मुलगा विशीतला. तळहात कायमचे काळे झालेले. त्याने टायरच्या ओठाला ब्रशने साबणाचं पाणी लावलं, टायर रिमवर तिरका ठेवला, मशीन फिरलं आणि टायर गुमान आत गेला. मग टायरवरचा पिवळा ठिपका त्याने व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणला. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "तिथं टायर हलका असतोय, आणि व्हॉल्व्हपाशी चाक जड. दोन्ही एका जागी आलं की वजनं कमी लागत्यात." हवा भरताना दोनदा ठप्प असा आवाज आला, टायरच्या दोन्ही कडा रिमवर बसल्याचा. बॅलन्सिंगला एका चाकाला पंधरा ग्रॅम लागले, एकाला काहीच नाही. नायट्रोजन भरू का विचारलं, मी साधी हवा सांगितली. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि आठवड्याला प्रेशर तपासणाऱ्या माणसाला उरलेल्या भागाचं काही अडत नाही. अलाइनमेंट मात्र मी उभं राहून करून घेतली. चाकाचा कोन अर्धा अंश इकडेतिकडे असला तर टायरची आतली कड वर्षभरात खाल्ली जाते, आणि ती कड वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

नव्या टायरांना पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपायचं असतं. साच्यातला तेलकट थर निघून जाईपर्यंत ते जरा निसरडे असतात. तेवढं अंतर मी कोरड्यात, हळू चालवून पुरं केलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा दोडामार्गला निघालो. या खेपेला मी आणि बायकोच होतो. आजऱ्याच्या पुढे, गवशाजवळ, रस्ता सरळ होता. मागे-पुढे कुणी नव्हतं आणि पाऊस लागून राहिला होता. तिला सांगून मी चाळीसच्या वेगाला ब्रेक जोरात दाबला. पट्टे छातीला आवळले आणि गाडी जागेवर बसली. पेडल थरथरलं नाही. आम्ही दोघं वायपरचा आवाज ऐकत थोडा वेळ तसेच थांबलो. मग तिने डब्यातला लाडू काढून अर्धा मला दिला.

त्या वळणावर त्या दिवशी एसटी आली नाही. मी पंचवीसनेच गेलो.

मामाने अंगणात पुन्हा नख रोवून बघितलं. रुतलं. "आता कसो बरो आसा," म्हणाला, आणि घागरे सारखे करायला मळ्यात निघून गेला.

आता दोन पावसाळे झाले. रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, टायर थंड असताना मी पाचही टायरांची हवा गेजने बघतो. ३३चा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला आहे, पेट्रोलपंपावरचा मुलगा सांगेल तो खरा धरायचा नाही. आठ-दहा हजारांनी चाकं पुढची मागे करतो. पावसाळ्याच्या तोंडाला बाजूच्या भेगा बघतो, अजून नाहीत. गाडीवर दुपारी कापड घालतो.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं. त्याच्या मागच्या पानावर आई गॅस लावल्याची तारीख लिहिते, पाण्याच्या फिल्टरची लिहिते, दूधवाल्याचे खाडे लिहिते. नवं वर्ष लागलं की जुन्या कॅलेंडरवरच्या कामाच्या नोंदी ती नव्यावर उतरवून घेते. या जानेवारीत ती उतरवत बसली असताना मी पाणी प्यायला आत गेलो. गॅसच्या खाली तिने लिहिलं होतं, 'गाडीचे टायर १९२४, स्टेपनीसुद्धा'. मग चष्मा सारखा करून तिने विचारलं, "पाच वर्षं म्हणजे कधी रे, एकोणतीसच्या मे महिन्यात ना?"

"हो," मी म्हटलं. तिने तेही लिहिलं.